टॉर्च धरायचं काम

आमच्या ह्यांना गिऱ्हाइकं नाकमिस्त्री म्हणायची. तोंडावर म्हणायची आणि हे रागवायचे नाहीत, कारण त्या नाकावरच आमचं गॅरेज चाललं होतं. गाडी आत आली की बाकीचे मिस्त्री कान लावतात. हे आधी बॉनेट उघडून वास घ्यायचे. जळकं ऑइल, तापलेला पट्टा, कच्चं पेट्रोल, सगळं त्यांना वेगवेगळं कळायचं. सगळ्यात अवघड वास कूलंटचा. गोडसर, ओशट, इतका हलका की गाडी थंड ठेवणारं ते पाणी कुठे झिरपतंय हे इतरांना कळेपर्यंत इंजिन तापून बसलेलं असायचं. ह्यांना तो महिनाभर आधी यायचा. एकदा एका प्राध्यापकांची गाडी आमच्या दारावरून नुसती पुढे गेली, तर हे हातातला चहा ठेवून मागे धावले. प्राध्यापकांना वाटलं, काहीतरी घासलं म्हणून भांडायला आले. नळीला केसाएवढी चीर निघाली.

हे सगळं मी ‘होतं’ असं सांगते आहे, ते मुद्दाम. ते नाक गेलं. आणि ते गेल्यावर जे झालं त्यात माझा वाटा किती, ते एकदा सांगून टाकायचं आहे.

गॅरेजात माझं काम काउंटरचं. फोन घ्यायचे, सुटे भाग मागवायचे, संध्याकाळी मिळेल असं सकाळी सांगायचं आणि उद्या सकाळी मिळेल असं संध्याकाळी सांगायचं. गाडीला हात लावायचं काम माझं नव्हतं. मग चार वर्षांपूर्वी अचानक ह्यांची हाक यायला लागली. गळतीची गाडी आली की, “जरा टॉर्च धर.”

मी पहिल्यांदा कटकट केली. हुकाला अडकवायचा दिवा आहे, कपाळाला बांधायचा आहे, त्यासाठी माझा फोन अर्धवट तोडायचा कशाला? तर म्हणाले, तुझा हात स्थिर असतो. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती आणि ह्यांनी माझ्या कुठल्याही अवयवाचं केलेलं ते पहिलं कौतुक. मी कशाला नाही म्हणते? हाक आली की पदर खोचून जायची. एकाच बॉनेटखाली आम्ही दोघं वाकायचो. हे टाकीचं झाकण उघडून श्वास घ्यायचे, मग मान वर करून माझ्याकडे बघायचे, मग गिऱ्हाइकाला निकाल सांगायचे. मला वाटायचं, उतारवयात का होईना, माणसाला बायकोकडे बघावंसं वाटतंय. इतकी वेडी बाई शोधून सापडणार नाही.

आता माझ्या चेहऱ्याबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथेच अडलं. माझ्या पोटातलं ओठावर यायच्या आधी नाकावर येतं. वास असो, माणूस असो, कोणाच्या घरचा सोफा असो, नाकाला सुरकुती पडते आणि मला पत्ताही नसतो. ह्यावरून माझं सर्वात जास्त वाजलं ते नणंदेशी. ती ह्यांची धाकटी बहीण. दूरच्या वस्त्यांवर जाऊन लहान मुलांचे कान तपासते. सोबत यंत्रांच्या पाच पेट्या. त्या कामासाठी तिने साठवलेले सगळे पैसे घालून एक वापरलेली गाडी घेतली, पेट्रोलवर चालणारी आणि प्लग लावून चार्जही होणारी. जवळच्या फेऱ्या बॅटरीवर, लांबच्या पेट्रोलवर. गाडी चांगली होती. रंग मात्र शिळ्या वरणासारखा. मी तोंडातून चकार शब्द काढला नाही, पण ती माझ्या नाकाकडे बघत होती.

“वहिनी, तुझं नाक बघितलं की माझी कुठलीही वस्तू आंबते,” ती म्हणाली आणि सात महिने आमच्या घरी आली नाही.

मधे पडले ते हे. बहिणीची समजूत काढली, आणि ती यायच्या आदल्या दिवशी मला म्हणाले, “तिच्यासमोर चेहरा सरळ ठेव. तेवढं एक माझ्यासाठी कर.” हा माणूस कधी काही मागत नाही. मी आरशासमोर उभी राहून सराव केला. जीभ टाळूला दाबून धरली की नाक हलत नाही, असा शोध मला लागला. नणंद आली, जेवली, हसून गेली, आणि हे दोन दिवस शीळ घालत फिरत होते.

दरम्यान घरात काय चाललं होतं? दूध उतू जाऊन, आटून, पातेलं काळं होईपर्यंत करपलं आणि हे त्याच्यापासून हातभर अंतरावर पेपर वाचत बसलेले. मी शेजारच्या घरून धावत आले. “घर पेटलं तरी तुम्ही पान उलटून मागची बातमी वाचाल,” असं काय काय बोलले. लक्ष नव्हतं म्हणाले. महिन्याभराने पुन्हा तेच. मी आळशी म्हटलं, ऐतखाऊ म्हटलं, तोंडाला येईल ते म्हटलं. जॉबकार्डावरचं त्यांचं अक्षर बारीक होत चाललं होतं, ओळीच्या शेवटी तर मुंग्या. मी चष्म्याच्या दुकानाचा पत्ता दिला. चालताना उजवा हात हलेनासा झाला होता, तो मी खांद्याच्या नावावर टाकला. फोनवर नुसता आवाज ऐकून कुठल्या गाडीचं काय बिघडलंय ते मी सांगते, आणि घरात दिव्याखाली अंधार.

मग एके दिवशी सकाळी नणंद गाडी घेऊन आली. समोरच्या पडद्यावर कूलंटची पातळी तपासा असा निरोप येत होता. बाकी गाडी मस्त चालतेय, म्हणाली, तू एकदा नजर टाक म्हणजे मी निघते.

ह्या गाडीला दोन टाक्या असतात. एक इंजिनाची, आणि दुसरी लहान, बॅटरी आणि विजेचा भाग थंड ठेवणारी. पहिली काठोकाठ होती. दुसरीतली पातळी खालच्या खुणेच्याही दोन बोटं खाली. ह्यांनी गाडीखाली पुठ्ठे अंथरले, तासभर वाट पाहिली. एक थेंब नाही. पुठ्ठे कोरडे ठाक. मग मागच्या सीटवरच्या पेट्या उतरवल्या, कारण बॅटरी त्या सीटखाली असते, आणि मला हाक मारली.

मी आत शिरून गुडघ्यांवर टेकले, टॉर्च सीटच्या फटीत धरला, आणि वास आला. स्पष्ट. पाकाचं भांडं न घासता चार दिवस ठेवलं तर येतो तसा. माझं नाक वर सरकायला लागलं, आणि त्याच क्षणी मला दारात उभी असलेली नणंद दिसली. पेटी पोटाशी धरून ती नेमकी माझ्या नाकाकडे बघत होती.

मी जीभ टाळूला दाबली. चेहरा सरळ ठेवला. वर थोडी हसलेसुद्धा.

पलीकडच्या दारातून हे वाकले होते. नळ्यांकडे नाही, माझ्याकडे बघत होते. खूप वेळ बघितलं. मला वाटलं, दिलेला शब्द पाळते आहे म्हणून बरं वाटतंय माणसाला. मग ते सरळ झाले आणि बहिणीला म्हणाले, काही नाही, आत हवा अडकली असेल, ती निघाली म्हणून पातळी बसली. योग्य तेच कूलंट मागवून भरलं, टाकीवर मार्करने रेघ ओढली, शेजारी तारीख घातली. बारीक, मुंगीएवढी.

मी का बोलले नाही? हा प्रश्न मला कोणी विचारायची गरज नाही, मीच रोज विचारते. एक तर जे नाक रस्त्यावरून जाणारी गाडी थांबवतं ते नाही म्हणत असेल, तर काउंटरवरच्या बाईचं नाक कोण विचारतो? दुसरं, मी बोलले असते तर वहिनीने पुन्हा खोट काढली असं झालं असतं. हे दोन विचार डोळ्याचं पातं लवेपर्यंत येऊन गेले. तिसरा, की हे गंभीर असू शकतं, तो आलाच नाही.

तीन आठवड्यांनी ती पुन्हा आली. पातळी रेघेच्या अंगठाभर खाली. ह्या वेळी ह्यांनी टॉर्चसाठी बोलावलं नाही, पेट्या उतरवायला उशीर होईल म्हणून. काउंटरपाशी येऊन नुसतं विचारलं, “मागच्या वेळी तुला काही जाणवलं नव्हतं ना?” नणंद शेजारीच पाणी पीत उभी होती. मी म्हटलं, “नाही हो.” आता मला कळतं की त्या प्रश्नात किती अजिजी होती. तेव्हा वाटलं, सहज विचारताहेत. त्यांनी पुन्हा भरलं आणि दुसरी रेघ ओढली.

त्यानंतर दहा दिवसांनी तिचा फोन आला. आदल्या दिवशी प्लग लावला तर गाडी चार्ज झाली नाही. तिला वाटलं प्लगचाच दोष, म्हणून पेट्रोलवर निघाली. भर रस्त्यात पडद्यावर लाल अक्षरं आली, गाडी सुरक्षित जागी थांबवा. थांबवली, ती पुन्हा सुरू झाली नाही. पाच पेट्या घेऊन ती चार तास उन्हात उभी होती. गाडी उचलून कंपनीच्या मोठ्या वर्कशॉपला नेली, आणि आम्ही तिघं तिथे गेलो.

त्या वर्कशॉपमध्ये अशा गाड्यांसाठी निराळी खोली होती. गाडीभोवती पिवळी साखळी, आणि आत एक तरुण मेकॅनिक बाई, कोपरापर्यंत रबरी हातमोजे घातलेली. तिने आम्हाला साखळीपाशी उभं करून बॅटरीच्या उघड्या पेटीवर दिवा धरला. तळाला दोन बोटं रंगीत पाणी साचलेलं, आणि वरच्या जोडांवर पांढरट हिरवा थर. नळीच्या सांध्यातली एक रिंग खराब झाली होती. नखाएवढी रिंग.

“बाहेर सांडलं असतं तर बरं झालं असतं,” ती म्हणाली. “पातळी उतरते आणि खाली थेंब दिसत नाही, म्हणजे ते आत कुठेतरी जातंय. पहिल्यांदा उतरली तेव्हाच भरायचं थांबवून, चार्जिंगला न लावता, गाडी उचलून इकडे आणायला हवी होती. नुसती रिंग बदलून भागलं असतं. तुम्ही भरत राहिलात, म्हणजे बॅटरीतच ओतत राहिलात.”

ती रागावली नव्हती. रागावली असती तर मी दोन शब्द उलटून बोलले असते आणि मला बरं वाटलं असतं. बॅटरी दुरुस्त होणार नव्हती, त्या जातीची नवी आता निघत नव्हती, गाडी भंगारात जाणार होती. हे सगळं सांगून झाल्यावर तिने सहज विचारलं की मागच्या सीटवर वास यायला हवा होता, कोणालाच आला नाही का. मागच्या सीटवर नणंदेच्या पेट्या रचलेल्या असायच्या आणि ती कायम काच खाली करून चालवायची. तिने भावाकडे वळून विचारलं, “दादा, तुला वास आला नाही?”

हे माझ्याकडे बघत होते. तसंच बघत म्हणाले, “नाही.”

नणंदेने गाडीतल्या पेट्या एकेक करून स्वतः उतरवल्या. मी हात पुढे केला तर तिने पेटी दुसऱ्या बाजूला घेतली.

दुपारी आम्ही गॅरेजात परतलो. ह्यांनी शटर अर्धं खाली ओढलं आणि जुन्या टायरवर बसले. मी म्हटलं, जेवून घ्या. तर म्हणाले, “मला चार वर्षं कसलाच वास येत नाही.”

मला आधी कळेना ते काय म्हणताहेत. मग करपलेलं पातेलं आठवलं, आणि पाठोपाठ मी काय काय बोलले होते तेही. मी विचारलं, मग एवढ्या गाड्या? चार वर्षं एकही गळती चुकली नाही, ती कशी?

“तुझ्याकडे बघायचो.”

हळूहळू सगळं सांगितलं. टॉर्च कशासाठी होता ते. झाकण उघडून नुसता श्वास घ्यायचा आणि माझं तोंड बघायचं. डाव्या नाकपुडीजवळ सुरकुती पडली तर कूलंट. हनुवटी मागे गेली तर पेट्रोल. ओठाचा कोपरा खाली आला तर जळकं ऑइल. तीस वर्षं ज्या तोंडावरून मी सासरी बोलणी खाल्ली, त्याचा नकाशा ह्या माणसाने पाठ केला होता. चौथ्या महिन्यापर्यंत सगळं नीट बसलं, म्हणाले. कोणाला सांगायचं? नाकमिस्त्रीचं नाक गेलं म्हटल्यावर उरलं काय?

“तुझा चेहरा कधी चुकला नव्हता,” ते म्हणाले. “त्या दिवशी तू हसलीस. म्हणून मी भरलं.”

मी त्यांना खरं सांगितलं. वास आला होता, पहिल्याच क्षणी, चांगला ढळढळीत. दाबून धरला. त्यांनी ऐकून घेतलं. मला वाटत होतं, त्यांनी एखादा पाना उचलून मला फेकून मारावा. ते म्हणाले, “मीच सांगितलं होतं ना, चेहरा सरळ ठेव म्हणून,” आणि मांडीवरच्या हाताकडे बघू लागले. मीही बघितलं. उजवा अंगठा तर्जनीवर आपोआप फिरत होता, चिमटीत बारीक नट फिरवावा तसा. चिमटीत काही नव्हतं.

डॉक्टरांनी त्यांना खोलीत इकडून तिकडे चालायला लावलं, बोटं एकमेकांवर आपटायला लावली, कागदावर एक ओळ लिहायला लावली. मुंग्यांची ओळ बघून त्यांनी मान हलवली आणि वासाचं विचारलं. कंपवात. ह्यात कित्येकदा नाक आधी जातं म्हणाले, हात थरथरायच्या खूप वर्षं आधी. गोळ्यांनी अंग थोडं मोकळं राहील. नाक परत येणार नाही.

मी जे विचारायचं ते विचारलं. चार वर्षांपूर्वी आणलं असतं तर? डॉक्टर सरळ माणूस होता. म्हणाला, फरक पडला नसता, गोळ्या लागतील तेव्हाच चालू केल्या असत्या आणि आजार ह्याच वाटेने गेला असता. लोकांना हे ऐकून बरं वाटत असेल. मला वाटलं नाही. गाडीला निदान एक दिवस होता, त्या दिवशी नेली असती तर वाचली असती. ह्यांच्या बाबतीत असा दिवस मागे कुठे नव्हताच. माझी चूक निघाली असती तर कुठेतरी उपाय होता असं तरी झालं असतं. निघताना डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं, पुढेमागे चेहऱ्यावरचे भाव कमी होतील, घरच्यांनी त्याचा राग मानू नये. मी हो म्हटलं. तेव्हा ते सगळ्यात किरकोळ वाटलं होतं.

नणंदेकडे मी एकटी गेले. आजाराचं सांगितलं, टॉर्चचं सांगितलं, वासाचंही सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. ती मन लावून ऐकते, धंदाच तो तिचा. शेवटी म्हणाली, “जन्मभर नाक मुरडलंस, वहिनी. त्या एका दिवशी मुरडलं असतंस तर.” हल्ली ती बसने जाते. पाचाऐवजी दोनच पेट्या नेता येतात आणि लांबच्या वस्त्या तिने सोडून दिल्या आहेत. दर रविवारी भावाला फोन करते. आमच्याकडे येत नाही.

गॅरेज आम्ही सकाळचं तेवढं उघडतो. बारीक स्क्रू आता ह्यांच्या हातात राहत नाही. नव्या प्लगवाल्या गाड्यांना मी दारातूनच मोठ्या वर्कशॉपचा पत्ता देते. पातळी कमी झाली का, एवढंच विचारते, आणि हो म्हटलं तर इतकी ओरडते की लोक घाबरतात.

गेल्या आठवड्यात ते प्राध्यापक आले. तीच जुनी गाडी. तापमानाचा काटा थोडा चढतोय, म्हणाले, सवयीने तुमच्याकडे आलो. हे खुर्चीवरून उठले, वेळ लागला, पण उठले. बॉनेट उघडलं, झाकणावर फडकं ठेवलं आणि म्हणाले, “जरा टॉर्च धर.”

मी धावत गेले. वाकले. वास होता, गोडसर, नळीच्या बाजूने. मी जीभ मोकळी सोडली आणि नाक असं मुरडलं की आमच्या सासूबाईंनी बघितलं असतं तर घराबाहेर काढलं असतं. डावी नाकपुडी, सुरकुती, सगळं. आणि ह्यांच्याकडे बघितलं.

ते माझ्याकडे बघत होते. मी थांबले. प्राध्यापकही थांबले. त्यांना दिसलं की नाही, कळलं की नाही, मनातल्या मनात हसले की रडले, मला काही समजेना. मी विचारलं, “कळलं ना?” बऱ्याच वेळाने त्यांनी मान हलवली. मी टॉर्च तसाच धरून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, डोळ्यांकडे, ओठांच्या कोपऱ्यांकडे, कुठे काही हलतंय का ते.

चेहरा सरळ होता.